सोळा अंशांचा हिवाळा

उम्म अल हस्सम, मनामा
शुक्रवार, १५ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस आणि घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलास, म्हणून कागदावर लिहितेय. पत्ता व्हॅलेरीवहिनीने पाठवलेल्या नाताळच्या एका जुन्या पाकिटावर मिळाला. घर बदललं नसशील, अशी आशा आहे. भांडायला लिहीत नाही. एका झाडाबद्दल विचारायचंय आणि ते विचारायला तुझ्याशिवाय माझ्याजवळ दुसरं कुणी नाही.

मी इथे बहारीनला, पप्पांजवळ राहून एका नर्सरीत लागले, हे मम्मीने तुला कळवलं असेल. चौकातल्या वाफ्यांत लावायची पिटुनियाची रोपं मोजणं, बंगल्यांच्या बागांना खत पाठवणं, असं काम आहे. बी.एस्सी.चं सर्टिफिकेट साहेबांनी एकदा पाहिलं आणि फाइलमध्ये ठेवलं. तरी मला काम आवडतं. गेल्या महिन्यात हॉलंडहून आलेल्या कंटेनरमध्ये एक बोन्साय होता, फुलांचा प्लम. एका ऑफिससाठी मागवला होता. इथे पोचेपर्यंत त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. गिऱ्हाईक म्हणालं, मेलेलं झाड नको. साहेब म्हणाले, फेक दो. मी नखाने साल जरा खरवडून पाहिली, आत हिरवं होतं. म्हणून घरी आणलं.

आता प्रश्न असा. पुस्तकात लिहिलंय की या झाडाला थंडीचे दोन-अडीच महिने लागतातच. त्याशिवाय कळी उमलत नाही आणि तशी दोन-तीन वर्षं गेली तर झाड खंगून मरतं. इथला हिवाळा तुला माहीत आहे. जानेवारीत लोक स्वेटर घालतात ते हौसेने. ओळखीच्या एका कोल्ड स्टोअरमध्ये कुंडी ठेवायची सोय झाली आहे. किती अंश ठेवू? पाणी किती? अंधार चालतो का? तू सहा वर्षं एक प्लम सांभाळलास. एवढं सांग.

मम्मी बरी आहे, गावी वाडीत गडी मिळत नाही म्हणून कुरकुरते. पप्पा बरे आहेत. मार्चमध्ये नोकरी संपून त्यांचं फायनल एक्झिट आहे, मग ते कायमचे वसईला जातील.

तुझी
लविना


उम्म अल हस्सम
शुक्रवार, २० डिसेंबर २०२४

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी: चार-पाच अंश ठेव, माती नुसती ओलसर असू दे, अंधार चालेल. आणि खाली, सफरचंदांजवळ ठेवू नकोस, त्यांच्या वाफेने कळ्या आतल्या आत मरतात. नाव नाही, कशी आहेस नाही. तरी मी ते मिस्साला जाताना पर्समध्ये घेऊन गेले.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नाही, पण खरंही पुरतं लिहिलं नाही. आता लिहिते, मग तू कार्ड पाठवणंही बंद केलंस तरी चालेल.

ते कोल्ड स्टोअर पप्पांचं आहे. हूऱ्यातल्या ज्या हॉटेलात ते कामाला आहेत तिथलं, तेच ते सांभाळतात. आणि झाडही आता माझं राहिलेलं नाही. मी कुंडी घरी आणली त्या दिवशी पप्पा ड्यूटीवरून आले, बूट काढता काढता थांबले आणि म्हणाले, "हे तेच ना?" मी हो म्हणाले. ते तिथेच स्टुलावर बसले, एक बूट पायात आणि एक हातात. मग म्हणाले, "बाय, याला थंडीत कुठं ठेवायचं असतं?" दुसऱ्या दिवशी ते कुंडी मांडीवर घेऊन स्टाफ बसने गेले. बँक्वेटची फुलं आणि दुधाचे क्रेट ज्या खोलीत असतात तिथल्या मागच्या फळीवर त्यांनी ती ठेवली आहे. तुझं कार्ड आल्यावर त्यांनी सफरचंदांच्या पेट्या शेजारच्या खोलीतून पार टोकाला नेल्या. कार्ड तुझं आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. अक्षर त्यांनी ओळखलं. दोनदा वाचलं आणि परत दिलं.

त्या जानेवारीबद्दल तुझ्याकडून मी कधी ऐकलं नाही. पप्पांकडून ऐकलं तेवढं लिहिते, चुकलं तर सांग. वहिनीला पुरल्यावर ते तुझ्याकडे राहिले होते. तू डबल शिफ्ट करायचास. ते दिवसभर एकटे. एक दिवस पायरीवरच्या बर्फावर टाकायचं मीठ शोधायला गॅरेजमध्ये गेले, तर वहिनीचं झाड तिथे अंधारात, एक पान नाही, माती दगडासारखी गोठलेली. त्यांना वाटलं, दुःखात तू ते विसरलास. आपल्या वाडीत थंडीचा वारा सुटला की पानवेलीला झावळ्यांचा आडोसा करणारा माणूस तो. थंडी म्हणजे झाडाचा शत्रू, एवढंच त्याला जन्मापासून ठाऊक. त्यांनी कुंडी घरात आणली, हीटरजवळ ठेवली, कोमट पाणी घातलं. थोड्या दिवसांनी झाड फुललं. वहिनीनेच वरून पाठवलं, असं म्हणून ते माळेची प्रार्थना करत बसले. तू शिफ्टवरून आलास, फुलं पाहिलीस, कुंडी उचलून बाहेर गेलास. आणि मग म्हणालास, "तुम्ही तिला दुसऱ्यांदा मारलंत."

झाड त्यानंतर मेलं, असं पप्पा सांगतात. तेवढंच सांगतात. मी पुस्तकात यावर पुढचंही वाचलं आहे, पण ते असू दे.

परवा मी पप्पांना म्हटलं, तुम्ही स्वतःच फोन करा ना दादाला, तुमचा फोन तो उचलेल. जायच्या आधी एकदा बोलून घ्या. ते म्हणाले, "एक हिवाळा नीट पार पाडू दे मला. झाड फुललं की करीन. त्याच्या आधी कुठल्या तोंडाने?" मी खूप समजावलं. तुला माहीत आहे मी कशी समजावते. मुद्दे मांडते. ते ऐकून घेतात आणि म्हणतात, "तू शिकलेली आहेस गे बाय," म्हणजे विषय संपला.

तू बारावीनंतर हॉटेलात लागलास आणि मी कॉलेजला गेले. घरात पहिली पदवी माझी आली. मला तेव्हा वाटायचं, शिकलेल्या माणसाचं काम एकच, खरं काय ते नीट समजून घ्यायचं आणि समोरच्याला सांगायचं. मग गाठी आपोआप सुटतात. आता तितकंसं वाटत नाही. पण दुसरं काही येत नाही म्हणून लिहिते.

आठ मार्चचं तिकीट आहे. तुझ्याकडे तोवर बर्फच असेल.

लविना


उम्म अल हस्सम
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

झाड बाहेर आलं.

हॉटेलात मुनीरा म्हणून हायजीन सुपरवायझर आहे. माझ्याएवढीच, बहारीनी, अगदी कडक. दुधाचा क्रेट हलवताना तिला मागे कुंडी दिसली. तिने पप्पांना बोलावून विचारलं, "अंकल, खाने के कमरे में मिट्टी? ये आपने रखी?" पप्पांनी हो म्हटलं. इतक्या वर्षांत या माणसाने घरच्या शेवेची बरणीसुद्धा आत नेली नाही, हे तिला माहीत. ती म्हणाली, "रिपोर्ट मैं नहीं लिखूंगी. शाम तक मफी." म्हणजे संध्याकाळपर्यंत ती तिथे दिसता कामा नये. पप्पांनी विनवणी केली नाही. मला म्हणाले, "पोरगी बरोबर होती. तिच्या जागी मी असतो तर लिहिलाच असता रिपोर्ट."

मी आमच्या साहेबांना विचारलं, आपल्या नर्सरीत फुलांची थंड खोली आहे, तिथे ठेवू का. ते म्हणाले, सीझन आहे, एक बादली ठेवायला जागा नाही, एप्रिलनंतर बघू. एप्रिलमध्ये इथे पंखा पुरत नाही.

तर आता ते पप्पांच्या खोलीत आहे. एसी सोळावर, दिवसरात्र. त्याहून खाली तो जात नाही. खिडकीला त्यांनी पुठ्ठा लावलाय, दाराखाली टॉवेल. तू त्यांना घेऊन दिलेलं ते जाड जाकीट घालून आणि कानटोपी घालून बसतात. बाहेर लोक बाल्कनीत उन्हाला खुर्च्या टाकतात आणि आत हा माणूस हात चोळत पेपर वाचतो.

हा फ्लॅट पॅट्रिशिया आंटींचा, नर्स आहेत त्या, आपल्या वसईकडच्या, निर्मळच्याच. आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. त्यांनी दारातून डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "मॅथ्यू, आमच्या हॉस्पिटलात मेलेल्यांना ठेवतात ती खोलीपण याच्यापेक्षा गरम असते रे."

"मग दार लाव. थंडी जाते."

"बोंबील ठेवू का आत? एवढी थंडी फुकट चाललीये."

"बोंबलांना कुठं फुलं येतात," पप्पा म्हणाले, आणि पेपर वर धरला.

आंटी हसल्या, पण नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "खोकला ऐकलास का त्याचा?" ऐकला होता.

आता जे मी त्यांना सांगितलेलं नाही ते तुला लिहिते. सोळा अंश म्हणजे या झाडाच्या हिशेबात हिवाळाच नाही. सात-आठच्या खाली जे दिवस जातात तेच धरले जातात. सोळाला झाड ना धड झोपतं, ना धड जागं होतं. कोल्ड स्टोअरमध्ये जेवढं झालं तेवढंच झालं. ते पुरं पडेल की नाही, मला माहीत नाही. बहुतेक नाही. पप्पा रोज सकाळी चष्मा लावून कळ्या बघतात आणि मला विचारतात, "बरोबर चाललंय ना?" मी बॉटनी शिकलेली मुलगी, मी म्हणते, "हो पप्पा, बरोबर."

ज्या खोलीत ते झोपतात तिथे आता झाडासाठी काही होत नाही, नुसती त्यांना थंडी वाजते. हे मी सांगितलं तर ते एसी बंद करतील आणि तुला कधीच फोन करणार नाहीत. नाही सांगितलं तर खोकत राहतील. काय करू, ते तू सांग.

लविना


उम्म अल हस्सम
शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझं पत्र सोमवारी आलं. माझ्या डिसेंबरच्या पत्राला उत्तर, म्हणजे एसीचं तुला लिहिताना माहीत नव्हतं. मी ते नर्सरीत, खतांच्या पोत्यांवर बसून वाचलं. घरी न्यायचा धीर झाला नाही.

तू लिहितोस, "पप्पांनी झाड मारलं नाही. तुला कळलंच असेल, तू हेच शिकलीस, तरी पत्रात 'असू दे' लिहून सोडून दिलंस." हो, कळलं होतं. ऑक्टोबरपासून गॅरेजमध्ये थंडी खाऊन झालेलं झाड जानेवारीत घरात आणलं तर ते फुलतंच. लोक मुद्दाम तसं करतात. फक्त नंतर ते थंड पण न गोठणाऱ्या खिडकीत वसंतापर्यंत ठेवायचं असतं. कोवळे धुमारे फुटलेलं झाड, तू नेलंस तसं, एका रात्रीत गॅरेजमधल्या उणे बावीसमध्ये परत नेलं, तर मात्र ते वाचत नाही. मी हे लिहिलं नाही, कारण ते तुला माझ्याकडून कळू नये असं वाटलं. तुला आधीच माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं. एवढे महिने ते एकट्याने कसं वागवलंस?

पण मी तुझं पुढचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचतेय. झाड मेल्याचा राग नव्हताच, असं तू लिहिलंस. सहा वर्षं वहिनी वाट पाहत होती आणि तुमच्या गॅरेजमध्ये दर वर्षी कळ्या गोठून गळायच्या. दर मार्चला ती म्हणायची, पुढच्या वर्षी. एकदाही फुललं नाही. आणि ती गेल्यावर सहा आठवड्यांनी, झाडातलं काही न कळणाऱ्या एका माणसाने ते हीटरपाशी ठेवलं आणि ते फुललं. "तिच्यासाठी का नाही, एवढंच डोक्यात होतं. मी ती फुलं धड पाहिलीसुद्धा नाहीत. दिवा बंद करून कुंडी उचलली."

दादा, हे पत्र मी पप्पांना दाखवलेलं नाही. दाखवणारही नाही. पूर्वीची मी असते तर त्याच संध्याकाळी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवलं असतं आणि म्हटलं असतं, बघा, तुमचा दोष नव्हता, बंद करा तो एसी. पण हे माझ्या तोंडून आलं तर ते म्हणतील, शिकलेली आहेस गे बाय. ही गोष्ट तुझी आहे. ती सांगायला माझं शिक्षण कामाचं नाही.

ते खोकतात. आंटींनी औषध दिलंय. कळ्या आहेत तशाच आहेत, मोहरीएवढ्या. तीन आठवडे राहिलेत त्यांना जायला, आणि एकदा ते वसईला वाडीत गेले की तिथे कुठला हिवाळा आणि कुठलं झाड. मग त्यांना फोन करायला कारणच उरणार नाही, आणि हा माणूस कारणाशिवाय काही करत नाही.

नंबर जुनाच आहे. संध्याकाळी सातनंतर ते घरी असतात.

लविना


उम्म अल हस्सम
शुक्रवार, ७ मार्च २०२५

प्रिय दादा,

उद्या पप्पा जातात. बॅगा बांधून झाल्या. जाकीट मी बाजूला काढलं होतं, वसईत कशाला म्हणून, तर त्यांनी ते परत बॅगेत घातलं. हॉटेलवाल्यांनी केक कापला. मुनीराही आली होती. तिने पप्पांना विचारलं, "अंकल, वो पेड़?" पप्पा म्हणाले, "पत्ते आए." ती म्हणाली, "इंशाल्ला, फूल भी."

फूल आलं नाही. कळ्यांतल्या काही सुकून पडल्या, बाकीच्यांतून पानं निघाली. छान हिरवी आहेत. साहेबांनी लेखी दिलंय की येत्या नोव्हेंबरपासून नर्सरीच्या थंड खोलीत त्याला एक फळी मिळेल. लेखी मीच मागितलं. तेवढं शिक्षण कामाला आलं.

तू फोन केलास त्या संध्याकाळचं लिहायचंय. तू दुसऱ्या टोकाला होतास, तेव्हा बोलणं तुला माहीत आहे. इथली बाजू तुला दिसली नाही.

फोन वाजला तेव्हा पप्पा पलंगावर बसून संत्रं सोलत होते, कानटोपी घालून. मम्मीचाच असेल म्हणून न बघता उचलला. तू "पप्पा" म्हणालास, ते मला दारापर्यंत ऐकू आलं. त्यांनी संत्रं उशीवर ठेवलं. मला वाटलं, आता फोन ठेवतात. मग म्हणाले, "तिकडे किती आहे आज?"

तू म्हणालास, उणे अठरा.

"इकडे सोळा," पप्पा म्हणाले. मग म्हणाले, "माझं अजून फुललं नाही रे. त्याआधी तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं."

मग तू गॅरेजचं सांगितलंस. तू आवाज उतरवलास, शब्द मला कळत नव्हते, मी फक्त त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं, ते सुटल्यासारखे होतील. तसं झालं नाही. तुझं बोलणं जसजसं पुढे गेलं तसतसे ते वाकत गेले आणि शेवटी त्यांनी मोकळा हात कुंडीच्या काठावर ठेवला. त्यांना दोष गेल्याचं बरं वाटलं नाही, दादा. त्यांना तू एवढे दिवस ते घेऊन होतास, याचं वाईट वाटलं. ते म्हणाले, "तुझ्या डोळ्यांपुढे अंधार होता त्या रात्री. मी होतो ना तिथे. मी पाहिला." एवढंच म्हणाले. तुला वाटलं असेल, त्यांनी विषय तोडला. तसं नव्हतं. त्यांच्याने पुढे बोलवत नव्हतं.

आणि तेव्हा तू पुन्हा स्पष्ट आवाजात विचारलंस, "पप्पा, फुलं कशी होती?"

पप्पा सरळ झाले. कानटोपी काढली, चर्चमध्ये काढतात तशी, आणि गुडघ्यावर ठेवली. मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की वहिनीचं झाड फुललेलं या जगात नीट फक्त त्यांनीच पाहिलं आहे. वर्षभर ते हे मनात घेऊन फिरत होते, आणि तो आपल्या चुकीचा पुरावा आहे अशा समजुतीने कुणाला बोलले नव्हते. मलाही नाही.

त्यांनी सांगायला सुरुवात केली. पांढरी, पण पाकळीच्या बुडाशी गुलाबी, नखाखाली रक्त दिसतं तेवढीच. वास पहिल्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी आला, आणि त्यांना आधी वाटलं शेजारी कुणी काही शिजवतंय, मधासारखं. वहिनीचा कोट दाराशी टांगलेला होता, तर त्यांनी कुंडी उचलून त्या कोटाखाली ठेवली, थोडा वास त्याला लागावा म्हणून. मग तू म्हणालास, "तो कोट अजून तिथेच आहे," आणि ते पुढे सांगू लागले. सगळ्यात आधी कुठली फांदी फुलली, जिला वहिनीने तार गुंडाळून खिडकीकडे वाकवलं होतं ती. मग तिच्या मागची. प्रत्येक फांदी ते हवेत बोटाने काढत होते, जणू तू समोरच बसला होतास.

मी पलंगापाशी गेले, रिमोट उचलला आणि एसी बंद केला. इतक्या दिवसांच्या आवाजानंतर खोली एकदम शांत झाली. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, रिमोटकडे पाहिलं, आणि बोलणं थांबवलं नाही.

ते तेव्हा तिसऱ्या फांदीवर होते.

तुझी
लविना